तीन भोपळे

ओट्यावर तीन लाल भोपळे होते आणि घरात पिंडापुरताही तांदूळ नव्हता.

पुंजा तांबटानं कपाळावर हात मारला. उद्या त्याच्या बायकोचं, साळूबाईचं वर्षश्राद्ध. तिची तिन्ही मुलं वेगवेगळी बाजारात गेली आणि तिघांनीही भोपळाच आणला. तांदूळ दुसरा कुणीतरी आणील, असं प्रत्येकाला वाटलं.

"अरे, एकमेकांना विचारायला जीभ झडते का तुमची?" तो ओरडला.

 आतून उत्तर आलं असतं तरी त्याला नीट ऐकू गेलं नसतं. जन्मभर तांब्याच्या पत्र्यावर हातोडा मारून तांबट आळीतल्या म्हाताऱ्यांचे कान जातात. पुंजाचे लवकरच गेले होते.

वर्षभर हे असंच चाललं होतं. चंदर भट्टी बघायचा, गोरक्ष दुकान सांभाळायचा, भिका नाशिक रोडला जाऊन रेल्वेनं आलेला पत्रा सोडवून आणायचा. भट्टी पेटायची तेव्हा पत्रा नसायचा. पत्रा यायचा तेव्हा कोळसा संपलेला. मग एकेक जण एकेकटा येऊन पुंजाच्या कानाशी दुसऱ्याची तक्रार ओरडायचा. आता तर थोरला चंदर म्हणत होता, श्राद्ध उरकलं की चुली वेगळ्या करू. पुंजाला ते नको होतं. साळू गेली, तिच्यामागं तिचं घरही जायचं, हे त्याला सोसणार नव्हतं. पण मुलांना सांगायचं कसं, हेच त्याला कळत नव्हतं.

तेवढ्यात नियाज कल्हईवाला खिरीचं पातेलं कल्हई करून घेऊन आला. नियाज मागच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला. एकोणीसशे एकोणचाळीसची दिवाळी नुकतीच उलटली होती, नवी लढाई सुरू झाली होती, आणि नियाज रोज वाचनालयात पेपर वाचून आळीला जर्मनांची खबर द्यायचा. त्यानं भोपळे पाहिले आणि तो खो खो हसला.

"दादा, तुमच्या घराची तर जर्मन फौज झाली!" तो पुंजाच्या कानाशी म्हणाला.

"म्हणजे काय?"

नियाजनं भोपळ्यांना हात लावला नाही. श्राद्धाचे होते. त्यानं हातातल्या काठीनं दाखवलं. "हे पायदळ. हे आरमार. हे विमानवाले. तिघांच्या तीन कचेऱ्या. कुणी कुणाला विचारत नाही. आणि तिघांच्या डोक्यावर ही थोरली कचेरी." त्यानं पातेलं ओट्यावर पालथं घातलं.

"मग थोरली कचेरी त्यांचे कान का धरत नाही?"

"तिचं ऐकतो कोण? वरून चकचकीत, आत काही नाही. विमानवाला उठतो तो थेट जर्मनांच्या पुढाऱ्याकडे जातो."

"मग एवढी लढाई चालते कशी?" पुंजा वैतागून म्हणाला. "इथं माझ्या घरात तांदूळ येत नाही!"

"पुढाऱ्याच्या नावावर चालते. थोरल्या कचेरीतला माणूस हुकूम लिहितो, वर टाकतो 'पुढाऱ्याच्या आज्ञेवरून'. पुढाऱ्याला त्याचा पत्ता असो नसो. नाव ऐकलं की सगळे गप्प."

पुंजाला या जर्मनांचाही राग आला. त्यानं तिन्ही मुलांना ओट्यावर बोलावलं आणि भोपळे दाखवले. भिका म्हणाला, तांदूळ दुकानावरून येताना गोरक्षनं आणायचा. गोरक्ष म्हणाला, दुकान काय वाण्याचं आहे? चंदरनं दोघांना हातानं गप्प केलं आणि तो बापाच्या कानाशी आला.

"बघितलंत बाबा? उद्याचं उरकलं की चूल वेगळी. आई होती तोवर तुमचा हुकूम होता, आम्ही पाळला. आता वर्ष झालं, तुम्ही काही सांगतच नाही."

"माझा हुकूम?" पुंजानं विचारलं. "कसला हुकूम?"

थोरली सून सिंधू दाराआडून मोठ्यानं म्हणाली, "असं काय करता, मामंजी? रोज सकाळी आत्याबाई आत येऊन सांगायच्या. 'ह्यांनी सांगितलंय, आज भिकानं स्टेशनावर जायचं.' 'ह्यांनी सांगितलंय, गोरक्षनं आधी कोळशाचं बघायचं.' मागं एकदा वेगळं व्हायचं निघालं, तेव्हाही म्हणाल्या, 'ह्यांनी सांगितलंय, चूल एकच राहील.' तुमचं नाव आलं की पुढं कुणाची बोलायची छाती व्हायची नाही."

पुंजाचं तोंड उघडं राहिलं. यातलं एकही वाक्य त्याचं नव्हतं. सकाळी तो ऐरणीवर असायचा. साळू चहा आणून ठेवायची, घटकाभर शेजारी बसायची आणि आत जायची. त्याच्या कानाशी ओरडणं तिला आवडायचं नाही. घर आपलं आपणच चालतं, असं तो समजत आला होता.

त्यानं नियाजकडे पाहिलं. नियाज खाली बघत होता.

"बोला ना बाबा," चंदर म्हणाला. "तुम्ही काय म्हणता?"

पुंजानं तोंड मिटलं. कोनाड्यात साळूचा चहाचा पेला अजून तसाच होता. त्यानं तिकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"मी काय म्हणणार? तिनं सांगितलंय. चूल एकच राहील. आणि तांदूळ चंदरनं आणायचा."

  चंदरनं खुंटीवरची पिशवी काढली आणि तो पायऱ्या उतरला. भिकानं कुणी न सांगता दोन भोपळे उचलले आणि ते परत द्यायला बाजाराकडे निघाला.

नियाजनं पातेलं सुलटं केलं.

"दादा," तो कानाशी येऊन म्हणाला, "भाभींनी हे कधी सांगितलं?"

पुंजानं उरलेला भोपळा उचलून सुनेपुढं ठेवला. तांबटाला कमी ऐकू येतं.