रिकाम्या पोटी चाल नाही

"नावं कात्रीनं कापलीत वाटतं?" मास्तरांनी कागद खिडकीच्या उजेडात धरले.

"तुम्ही खेळ बघा, सर. खेळणारा कोण, ते नंतर सांगते," समोर बसलेली बाई म्हणाली.

बारा डावांचे छापील कागद होते. मोबाईलवर खेळलेले, रोज चार-पाच चाली, आठवड्याला साधारण एक डाव. मास्तरांनी पट मांडला आणि ते एकेक डाव हातानं खेळून बघू लागले. चाळीस वर्षं ते बुद्धिबळ शिकवत होते. माणूस महाफटकळ. पोरांना तर रडवायचेच, पण 'आमच्याचा खेळ सुधारेल ना हो?' असं विचारत आलेल्या आयांनाही सोडायचे नाहीत. आज मात्र पाहुण्यांची खुर्ची पुसून ठेवलेली होती आणि टेबलावर एक कोरी वही होती.

तासाभरानं त्यांनी चष्मा काढला.

"पहिल्या दहा चाली अगदी पाठ. कुणाच्या तरी जुन्या डावांवरून घोकलेल्या. पुढे सगळा आनंदीआनंद. घोडे फुकट घालवता. सातव्या डावात तर वजीर उघड्यावर टाकून दिलात."

"तो मारला नाही त्यांनी. दिसला नसेल, वय झालंय," ती म्हणाली आणि एकदम थांबली. "पण मी खेळते असं कुठे म्हटलं मी?"

"प्रत्येक चुकलेल्या चालीपुढे पेन्सिलीनं 'मूर्ख' लिहिलंय. दुसऱ्याला कुणी इतक्यांदा मूर्ख म्हणत नाही, बाई."

ती हसायला गेली, पण हसू आलं नाही.

"हे खातं माझ्या नवऱ्याचं. लहानपणी तुमच्याकडेच शिकला तो. बोटीवर इंजिनियर होता. तीन महिन्यांपूर्वी तिथेच गेला. त्याच आठवड्यात सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे त्यांच्या कानावर घालू नका. मोठ्या दिरांनी सांगून टाकलं, बोटीवर फोन लागत नाही, पण डाव खेळता येतो. बापलेक रोज खेळायचेच. मग डाव माझ्या गळ्यात आला."

मास्तरांनी कसं, काय, काही विचारलं नाही. त्यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"सहाचे बारा आठवडे झाले. आता सांगायचा धीर होत नाही. सांगितलं आणि त्यांना काही झालं तर? एक गेला, आता दुसरंही माणूस मीच घालवायचं?"

"कॉम्प्युटरला विचारून का नाही खेळलीस?" तिनं नवऱ्याचं सांगितल्यापासून मास्तर एकेरीवर आले होते.

"एकदा खेळले. बाबांनी लगेच डावाखाली लिहिलं, 'आज तुझ्याशी खेळल्यासारखं वाटलं नाही.' धस्स झालं मला. आणि परवा लिहिलं, 'खेळ ढेपाळलाय तुझा. बायकोच्या हाती मास्तरांकडे डाव पाठव.' संशय आलाय, सर. मला त्याच्यासारखं खेळायला शिकवा. आणि बाबांना यातलं एक अक्षर कळू देऊ नका."

"माझ्याकडून त्यांना हे कळणार नाही. शब्द देतो."

तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. "काहीतरी बरं आहे का हो माझ्या खेळात?"

"एक आहे, आणि ते शिकवून येत नाही. हत्ती गेला, तीन प्यादी गेली, तरी तू डाव सोडत नाहीस. तुझा नवरा हरायला लागला की पट उधळायचा. याच खोलीत दोनदा उधळलाय." मास्तरांनी वही ओढली. "चाल कधी पाठवतेस?"

"पहिली पहाटे, तीन-चारला. झोप कुठे लागते? अख्ख्या दिवसात तेवढं एकच काम उरलंय मला."

"आणि जेवतेस कधी?"

"त्याचा खेळाशी काय संबंध?"

"शिकवायचं मी की तू?" मास्तर कडाडले.

त्यांनी वहीत बराच वेळ लिहिलं आणि पान फाडून तिच्या हातात दिलं. रिकाम्या पोटी चाल नाही. रात्री दहानंतर पट बंद. सकाळी अर्धा तास पायी फिरून यायचं, मगच घोड्याला हात लावायचा. दर शनिवारी इथे वर्गात येऊन, समोर माणूस बसवून, दोन डाव खेळायचे. घोडे कसे सांभाळायचे ते खाली दोन ओळींत होतं.

"एवढ्यानं होईल?"

"महिनाभर कर, मग माझ्याशी भांडायला ये."

तिनं कागदाची बारीक घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मास्तर खिडकीशी उभे राहिले. ती रस्ता ओलांडून गेली, कोपऱ्यावरच्या दुकानासमोर थांबली आणि क्षणभरानं आत शिरून पाव घेऊन बाहेर आली. मग दिसेनाशी झाली.

त्यांनी फोन लावला. पहिल्याच घंटीला तो उचलला गेला.

"गेली आत्ताच," मास्तर म्हणाले. "तिला अजून वाटतंय, तुम्हाला काही ठाऊक नाही."

"वाटू दे. त्या डावापायी तरी पोरगी रोज उठतेय," पलीकडून तिच्या सासऱ्यांचा थकलेला आवाज आला. "जेवणाचं पहिल्याच ओळीत लिहिलंत ना, मी सांगितलं होतं तसं?"