चांगलं गिऱ्हाईक

अमरावतीच्या बँकेत क्रेडिट कार्डाच्या कामावर लागून आचलला तेरा दिवस झाले होते. सकाळीच साहेबांनी सगळ्या टेबलांवर एकच यादी वाटली आणि समजावलं, “पूर्ण बिल भरणाऱ्याकडून आपल्याला व्याज मिळत नाही. जो दर महिन्याला नुसतं मिनिमम भरतो, त्याच्या उरलेल्या रकमेवर व्याज चढतच राहतं. तेच आपलं चांगलं गिऱ्हाईक. त्यांची लिमिट वाढवा.”

यादीत तिसरं नाव देविदास काळमेघ, अकोला. तिचे बाबा. तिच्या कॉलेजच्या फीसाठी कार्ड घेतलं, आणि चार वर्षांत मिनिममची एकही तारीख चुकवली नाही म्हणून गल्लीभर सांगत फिरणारे.

तिला दम निघाला नाही. जिन्यात जाऊन तिनं फोन लावला. “बाबा, नुसतं मिनिमम भरत जाऊ नका...”

“अवं, आंधी माह्यं ऐक,” बाबा खुशीत होते. “आत्ताच तुमच्या बँकेतून एका पोरीचा फोन आलता. लिमिट वाढवून घेतली. तिले इचारलं, अशानं माह्या आचलचं टार्गेट भरते काय? ते म्हणे, भरते.”

“बाबा, पण ती लिमिट...” आचल सांगायला लागली.



“मंग तुह्या आईच्या नावानंबी एक कार्ड घेऊन टाकलं.”