चार लेनचा रस्ता

पिवळी बस थांबली, लाल दिवे लुकलुकू लागले, बाजूची 'थांबा' लिहिलेली पाटी बाहेर आली, आणि समोरून येणारी व्हर्लिन स्ट्राउडची राखाडी गाडी जराही न थबकता निघून गेली. रस्त्यापलीकडे सात वर्षांची ट्वायला दप्तराचे पट्टे घट्ट धरून उभी होती. बस चालवणाऱ्या लोरीनने तिला काचेतून तळहात दाखवला, थांब म्हणून. पोर थांबली.

हे रोजचंच होतं. मक्याच्या शेतांमधला हा रस्ता दोन वर्षांपूर्वी रुंद झाला, आणि तेव्हापासून आमच्या ओहायोतल्या या गावाला जी घाई सुटली ती सुटलीच. जाऊन करतात काय, तर कचेरीत बसून डोनट खातात. ट्वायलाला बस गाठायला आख्खा रस्ता ओलांडावा लागे. लोरीन या रस्त्यापायी शाळेच्या वाहतूक कचेरीत तीनदा जाऊन आली होती. तिथल्या साहेबाने कॉफी ढवळत सांगितलं, "बाई, तू स्टिअरिंग सांभाळ. रस्त्यांचं आम्ही बघतो." मान वर करून बघायचेही कष्ट त्याने घेतले नाहीत.

मग लोरीनने व्हर्लिनच्या गाडीचा नंबर पोलिसांत दिला.

व्हर्लिन विमा कंपनीत होता. लोकांचे दावे नाकारणं हे त्याचं काम, आणि ते तो सुट्टीच्या दिवशीही करायचा. वादळात एका म्हातारीचं छप्पर उडालं, तर ते आधीपासूनच सैल होतं म्हणून हा तिच्याशी तासभर हुज्जत घालत बसला. शेजाऱ्याचं कुंपण चार बोटं आत आलं म्हणून कोर्टात गेला. गावात त्याला कुणी जेवायला बोलवत नसे. त्याला वाटे, लोक आपल्याला वचकून आहेत.

समन्स आल्यावर तो डायनरमध्ये पॅनकेक चिरत बसला होता.

"बस चालवते म्हणून स्वतःला शेरीफ समजते की काय ही बया?"

"दोन मिनिटं थांबलास तर काय झिजतं रे तुझं?" काउंटरमागची डोरिंडा म्हणाली. "पोर मेली असती ती."

"मेली का? नाही ना?"

"चुकलं म्हण आणि सोडून दे, व्हर्लिन."

"जो चुकतो त्याने म्हणावं." त्याने सिरप ओतून घेतलं. "माझं लायसन्स घालवायला निघाली आहे. घालवून दाखवावं."

डोरिंडाने त्याची बशी उचलली. त्याचं खाणं संपलं नव्हतं, तरी उचलली.

कोर्टात तो फोटो, नकाशा आणि कायद्याचं पुस्तक घेऊन आला. वकील केला नव्हता. आपल्याहून हुशार माणूस पैसे देऊन कशाला आणायचा, असं त्याचं म्हणणं. मागच्या बाकावर ट्वायलाची आई बसली होती. मुलीसाठी गाड्या थांबतील की नाही हे आज ठरणार, एवढंच तिला कळत होतं.

"बाई, त्या रस्त्यावर लेन किती?" व्हर्लिनने विचारलं.

"चार," लोरीन म्हणाली.

"नक्की? की अंदाजपंचे?"

"मोजल्यात मी. दोन जायला, दोन यायला."

व्हर्लिनने जजकडे असं पाहिलं, जणू मासा आपणहून टोपलीत येऊन पडला. मग त्याने पुस्तक उघडलं. रस्ता चार लेनचा असेल, तर शाळेच्या बसमागच्या गाड्यांनी थांबायचं. समोरून येणाऱ्यांवर सक्ती नाही.

जजने दोनदा वाचलं. कायदा कायदा होता. खटला निकाली निघाला, व्हर्लिन सुटला.

"बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

"रस्ता चार लेनचा आहे, हे निकालात लिहून मिळेल का, साहेब?"

"मिळेल."

"फ्रेम करून लाव बसमध्ये," व्हर्लिन म्हणाला आणि एकटाच हसला. ट्वायलाच्या आईने डोळे पुसले. लोरीनने कागद घेतला, घडी घातली आणि निघून गेली.

पुढच्या आठवड्यात व्हर्लिन नेहमीच्या वेळी निघाला आणि अर्ध्या मैलावर त्याला करकचून ब्रेक मारावा लागला. त्याच्याच बाजूला, त्याच्याच पुढे पिवळी बस उभी होती. लाल दिवे लागलेले. ट्वायला आपल्या फाटकातून निघाली आणि चार पावलांत बसमध्ये चढली. बस हलली. पुढच्या घरापाशी पुन्हा थांबली. मग त्याच्या पुढच्या. पाचव्या थांब्याला व्हर्लिन गाडीतून उतरून लोरीनच्या खिडकीशी आला.

"ही बस या बाजूला कशी?"

"चार लेन असतील तर मुलांना रस्ता ओलांडायला लावायचा नाही, घराच्या बाजूनेच घ्यायचं. तुमच्याच पुस्तकात आहे. शाळेच्या कचेरीतल्या कागदावर मात्र हा रस्ता अजून दोन लेनचाच होता. तिसऱ्या खेपेला तिथले साहेब म्हणाले, कोर्टाचं लिहून आण."

व्हर्लिनने खिडकीची कड धरली. "म्हणजे तुला हरायचंच होतं. मग माझाच नंबर का दिलास?"

"रोज चाळीस गाड्या थांबत नव्हत्या, मिस्टर स्ट्राउड," लोरीन म्हणाली. "बाकीच्यांनी लाजून दंड भरला असता."