लाल ठिपक्याची तार

"काहून रे हरिचंद, मधोमध बसलं की आवाज पोकळ येऊन राहिला?" किसनराव गुरुजींनी विचारलं. अजून माइकवर नुसतं "हॅलो, हॅलो" चाललं होतं.

हरिचंद मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला. आखाडा बाळापुरात त्याच्या तोडीचा लाउडस्पीकरवाला नव्हता. स्पीकरच्या दोन तारांना बॅटरीचा सेल टेकवून तो आतला थरथरणारा कागद बघे. कागद पुढं आला की सेलच्या टोपीला लागलेल्या तारेला लाल ठिपका देई. दोन्ही कागद एकदम पुढं यायला हवेत. एक पुढं अन् एक मागं गेला, तर मधल्या माणसापाशी आवाज एकमेकांना खातात, हे त्यानंच गावाला शिकवलं होतं. आज मात्र त्यानं सेल खिशातून काढलाच नव्हता.

"टेप जुनी हाय, गुरुजी," तो म्हणाला. दोन दिवसांपासून त्याचा घसा बसला होता.

भिवाजीला जाऊन आज वर्ष झालं होतं. भीमगीतं म्हणणारा तसा गडी पंचक्रोशीत झाला नाही, आणि ऐन तिशीत दम्यानं त्याला नेलं. त्याच्यामागं कोरस धरायचा तो हरिचंद. भिवाजीच्या गाण्याचं एकच रीळ उरलं होतं, तेही हरिचंदच्या दुकानात, स्पीकरांच्या गर्दीत. भिवाजीची आई मिराबाई वर्षभर एकच मागत होती, "एकदा लेकराचा आवाज ऐकव."

कुणीतरी रिळाचा डबा स्पीकरच्या पाठीवर ठेवला. हरिचंद धावलाच. "चुंबकावर न्हाई! समदं पुसून जातं!" तो एवढा ओरडला की माणसं बघत राहिली.

मिराबाईसाठी चटई त्यानंच अंथरली होती, दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधोमध. गाणं सुरू झालं. पहिली लांबलचक ओळ एका दमात पार झाली. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मिराबाई रडली नाही. ती हरिचंदकडं बघत होती.

"अरे, ती लाल ठिपक्याची तार तरी बघ," गुरुजी पुन्हा म्हणाले.

"असू द्या म्हणलं ना!"

गाणं संपलं, माणसं जेवायला उठली. मिराबाई हरिचंदजवळ आली. त्याच्या बसलेल्या गळ्यावरून तिनं हात फिरवला.

"माझ्या लेकराला एवढी ओळ एका दमात कधी झेपली न्हाई, बाबा," ती म्हणाली. "टेप गेली तर गेली. आता ती तार सुलटी कर, अन् पुन्हा लाव. तुझा आवाज तरी बराबर ऐकू दे."