जिना काढ

“जिना काढ,” सर म्हणाले, आणि नकाशावर टेकवलेलं बोट उचलून जेवायला निघून गेले.

तो तसाच उभा राहिला. हातात खोडरबर होतं. घर दुमजली होतं. आणि ते त्याच्या सख्ख्या ताईचं होतं.

सर म्हणजे साधेसुधे आर्किटेक्ट नव्हते. त्यांच्या इमारती बघायला लोक विमानाने यायचे, आत शिरायची वाट सापडायची नाही, मग बाहेरूनच भारावून परत जायचे. मासिकवाले त्यांना ‘रिकामेपणाचा सम्राट’ म्हणत. सर मोजकं बोलत. त्यांना प्रश्न विचारलेला खपत नाही, असं ऑफिसात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. पूर्वी एका मुलाने “का?” असं विचारलं होतं. तो आता दुकानात पलंग विकतो. सुखात आहे म्हणतात, पण ते वेगळं.

हा टिकला, कारण हा ऐकायचा. नवीन होता तेव्हा सर एका भिंतीवर बोट ठेवून म्हणाले होते, “खिडकी काढ.” भिंतीत एकच खिडकी होती. याने ती काढली. ‘या भिंतीने प्रकाशाला विचार करायला लावलं,’ असं छापून आलं. वाचनालयाच्या वेळी सर म्हणाले, “कपाटं काढ.” याने कपाटं काढली. वाचक पुस्तकं हातात धरून उभे राहू लागले आणि वाचनालयाला मोठं बक्षीस मिळालं. मग स्वतःच्या नव्या ऑफिसच्या वेळी सर म्हणाले, “मधला खांब काढ.” तोही काढला. ऑफिसात सगळे याला ‘खोडरबर’ म्हणू लागले, पण आदराने.

आता ताईचं घर. सरांनी शब्द दिला होता की हे नीट पार पडलं, तर दारावरच्या पाटीवर आर्किटेक्ट म्हणून याचं एकट्याचं नाव. त्या पाटीची अक्षरं कशी असावीत हे याने घराच्या आधी ठरवलं होतं.

याने डोळे मिटले आणि जिना खोडला.

दुपारी ताई नकाशा बघायला आली. तिने कागद उभा धरला, आडवा धरला, पालथा घालून मागेही बघितलं.

“हा खाली हॉल. ही वर खोली. आणि वर जायचं कसं रे?”

“ताई, हे घर तुला वर जायला सांगत नाही. ते वर काहीतरी असल्याची जाणीव देतं.”

“जाणिवेवर गादी घालता येते का?”

“सरांनीच सांगितलंय.”

“सर येणार आहेत का तिथे झोपायला? वरची खोली सासूबाईंची आहे.” एवढं बोलून ताई थांबली. पुन्हा नकाशाकडे बघू लागली. तिच्या चेहऱ्यावरून बरंच काही येऊन गेलं. “नाही,” ती शेवटी जड मनाने म्हणाली, “जिना हवाच. जा, विचार त्यांना. नाहीतर मी आईला सांगते, मग ती येऊन विचारेल.”

आईने येऊन विचारण्यापेक्षा पलंग विकणं परवडलं. तो सरांच्या खोलीत गेला.

सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या खोलीत खुर्ची नव्हती. तीही यानेच एका नकाशातून काढली होती.

“सर,” त्याने नकाशा पुढे केला, “जिना का काढायचा?”

सरांनी कागद हातात घेतला. खोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

“तू जिना खोडलास?”

“तुम्हीच म्हणालात, काढ.”

“अरे, काढ म्हणजे काढ! पेन्सिलीने! नुसता चौकोन होता तिथे. त्यात पायऱ्या नकोत का काढायला? सुतार खोळंबलाय!”

खोलीत शांतता पसरली. पसरायला जागा भरपूर होती.

“सर, मग ती खिडकी?”

“एकीने भागत नव्हतं. अजून एक काढ म्हणालो होतो.”

“वाचनालयातली कपाटं?”

“वाचनालयात काय काढतात रे लोक?”

“मग इथला खांब?”

दोघांनीही वर बघितलं. छत जागेवर होतं. तो विषय त्यांनी तिथेच सोडला.

“पण सर, मग तुम्ही मला बोलला का नाहीत?”

सर खाली बसले. खुर्ची नसल्यामुळे जमिनीवरच बसले.

“खिडकीच्या वेळी बोलणारच होतो. तेवढ्यात मासिकात आलं. मला वाटलं, पोरगा मुद्दाम माझं ऐकत नाही. त्याला माझ्यापेक्षा पुढचं दिसतंय. मग पुढच्या वेळी विचारायची लाज वाटली. त्याच्या पुढच्या वेळी भीती वाटली. भाषणात मला विचारतात, ही रिकामी जागा काय सांगते? मी नुसता गप्प बसतो. टाळ्या पडतात.”

मग त्यांनी याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली, नकाशा जमिनीवर पसरला आणि स्वतः जिना काढू लागले. पायरी, पायरी, पायरी. छानसं वळण. वळणावर कोनाडा. गोल मुठीचा कठडा. कठड्याला नक्षी. सरांची जीभ किंचित बाहेर आली होती. ताई दारातून डोकावली आणि पसंत पडल्यासारखी मान हलवून गेली.

“सर, आणि माझी पाटी?” त्याने हळूच विचारलं.

सरांनी मान वर केली नाही.

“बाकीच्या सगळ्या इमारतींवर तुझं नाव घाल,” ते म्हणाले. “या एका घरावर तेवढं माझं राहू दे.”