ओठावरचा फोड

प्रयोगशाळेतल्या माकडांना त्या विषाणूने ओठावर नुसता फोड येतो. माणूस मात्र दगावतो. माकडं सांभाळणाऱ्या काकांनी घाम पुसायला तोंडावरची काच वर केली आणि नेमकी तेव्हाच एक माकडीण शिंकली.

रक्तात विषाणू सापडला. डॉक्टरांनी काकांना प्रयोगशाळेतच, माकडांच्या पिंजऱ्यालगतच्या खोलीत ठेवलं आणि काकूंना बोलावून घेतलं.

महिना झाला, काका काही गेले नाहीत. ओठावर फोड तेवढा आला.

"यमालासुद्धा यांचं तोंड आवडलं नाही!" काकू हसल्या.

डॉक्टर हसले नाहीत. "वहिनी, माणसाला हा फोड येत नाही."

शेजारच्या पिंजऱ्यातली माकडं काकूंकडे पाहून दात विचकत होती. काकांसाठी मात्र ती निमूट सरकली आणि मधे एकाची जागा झाली.

काकूंनी धरलेला काकांचा हात हळूच सोडला.