सॅन्ड्राची माशी

देवगडच्या सड्यावर ब्लेझला दोन नव्या जातीच्या मधमाश्या सापडल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. पहिलीला त्याने वारलेल्या बायकोचं, मार्गारेटचं, नाव दिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं मी तिने बांधून घेतलेल्या घरात, तिच्याच टोपात भात शिजवतेय. आता माशीही तिचीच?

"दुसरेक माझा नाव दी," मी नवऱ्याला बजावलं.

"ती नको गो सॅन्ड्रा. तिसरी गावली काय तिका दितंय."

"माका तीच व्हयी!"

त्याने दिलं. शोधनिबंध छापून आला, तो मी मार्गारेटच्या आरामखुर्चीत बसून वाचला. मार्गारेटची माशी जमीन खणून घरटं करते. सॅन्ड्राची माशी घरटं करत नाही. ती मार्गारेटच्या घरट्यात शिरते आणि तिथे आपलं अंडं घालते.

मला सहावा महिना चालू होता.